मोर नको, भेग हवी

"ह्यात मोर कुठाय?" अप्पांनी कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. "बरं, कमळ तरी असंल की. तेबी नाही?"

नव्हतंच. आठवडाभर मान मोडून मी हातपंचनं पाडलेली भोकं होती, पण त्यातून मोर, कमळ, ताजमहाल यांपैकी काही उमटणार नव्हतं. उमटलंच तर मंगळवेढ्याच्या मामाच्या रानातलं एक ढेकूळ उमटणार होतं. हे अप्पांना सांगायचं कसं, या विचारात मी चहा टाकायला उठले.

अप्पांचा सगळा जन्म भोकं पाडण्यात गेला. चादरीच्या कारखान्यांसाठी ते ग्राफ काढायचे आणि कार्डं पाडून द्यायचे. साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाचं ताट ठेवायलाही आधी ग्राफपेपर गुंडाळावा लागायचा. बारीक चौकटींचा मोठा कागद, लाल पेन्सिल आणि चष्म्यावर आणखी एक भिंग. चौकटींची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड. कार्डात भोक असेल तर मागावरच्या जॅकार्ड यंत्राचा हुक वर जातो, त्याच्यासोबत ताण्याचा म्हणजे उभा धागा वर येतो आणि आडवा धागा घेऊन धोटा खालून निघून जातो. भोक नसेल तर धागा जागेवर. एवढं साधं आहे सगळं. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना ओवून मागाच्या डोक्यावर चढवली की खाली चादरीवर मोर नाचायला लागतो. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास हे यंत्र उभं केलं. अप्पा त्याला 'आमचा जॅकार्ड' म्हणतात, जणू शेजारच्या बोळातच राहायचा. चुकलेली कार्डं आमच्या वह्यांना कव्हर म्हणून लागायची. वर्गात माझ्या भूगोलाच्या वहीला वारा लागतो असं मुली म्हणायच्या.

मी मात्र सुयांकडे गेले. गंमत म्हणजे मराठीत दोन्ही 'विणणं'च. मागावर चादर विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, बाज विणतात, आणि पाखरू घरटंही विणतं. त्यामुळे सोलापुरात मी "विणकाम करते" असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "किती माग हायेत?" एकही नाही म्हटलं की समोरचा माणूस काळजीत पडतो. आणि "स्वेटरं विणते, पण वेगळी" असं म्हटलं की तो मे महिन्यातल्या आकाशाकडं बघतो. त्याचंही बरोबर आहे. इथे उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतल्या चार पहाटा सोडल्या तर लोकरीची आठवण कुणाला येत नाही. म्हणूनच माझं निम्म्याहून जास्त काम सुतातलं आहे, आणि तेही चादरीच्या सुतातलं. त्यातून काय काय घोटाळे झाले ते पुढे सांगते.

आधी आईची दुलई. मी पोटात असताना आईनं दहा नंबरच्या सुयांवर बाळासाठी पांढरी दुलई विणली होती. तिच्या कडा सरळ नाहीत, पाण्यासारख्या हलतात. लहानपणी मला वाटायचं, धुऊन धुऊन तशी झाली असेल. डिझाईन शिकताना कळलं की हा तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांवरचा जुना नमुना. आईला शेटलँड कुठं आहे हे ठाऊक नाही. शेजारच्या बाईंकडून तिनं तो बोटांनी उचलला, बस.

हा नमुना अठरा टाक्यांचा. दोन टाके एकत्र विणायचे, असं तीनदा. मग दोरा पुढे घेऊन एक सुलट, असं सहादा. मग पुन्हा दोन टाके एकत्र, तीनदा. सहा टाके कमी झाले, सहा वाढले, हिशेब अठराला अठरा. पण कमी झालेले सगळे कडेला आणि वाढलेले सगळे मध्ये. मधल्या टाक्यांना जागा पुरत नाही म्हणून ते वर फुगतात, कडेचे खाली ओढले जातात. चारातली एकच ओळ अशी विणायची, बाकीच्या तीन साध्या. चार-चार ओळी करत गेलं की कापड आपोआप लाटा मारायला लागतं.

या दुलईवर लाटेचं चित्र कुठेही नाही. निळा रंग नाही, फेस नाही, होडी नाही. कापडच लाटेसारखं वागतं. मला जे काय करायचंय ते सगळं या दुलईत आहे, हे कळायला मात्र मला तिशी गाठावी लागली. तोवर मीही पानं, फुलं, फुलपाखरं स्वेटरच्या छातीवर चिकटवत होते आणि त्याला निसर्गाची प्रेरणा म्हणत होते. त्यातले दोन स्वेटर अजून कपाटात आहेत. बघवत नाहीत.

*

स्वेटर विणायचं मशीन मिळालं जुळे सोलापुरातल्या एका काकूंकडून. जपानी बनावटीचं, पंचकार्डाचं, घरगुती. एकेकाळी त्या शाळेच्या स्वेटरच्या ऑर्डरी घ्यायच्या. मग पंधरा वर्षं मशीन दिवाणाखाली पडून होतं. उघडलं तर सुया दाबून धरणारी आतली स्पंजची पट्टी हात लावताच भुसा झाली. तिच्यामुळेच सुया एका पातळीत राहतात. ती गेली की सुया डोकं वर काढतात आणि सुयांवरून दोरा नेणारा गाडा सरकवला की कडकड वाजून अडकतो. गादीवाल्याकडून फोमची पट्टी कापून आणली, दोनदा चुकीच्या जाडीची आणली, तिसऱ्यांदा जमलं.

दोनशे सुया, दोन सुयांमध्ये साडेचार मिलीमीटर. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि त्या आकड्याला उघडझाप करणारी बारीक जीभ. कार्डाची रुंदी मात्र चोवीस भोकांची. चोवीस सुयांनंतर नमुना पुन्हा पहिल्यापासून.

हे ऐकून अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. चारशे हुकांच्या जॅकार्डवर ज्यानं हयात काढली त्याला चोवीस भोकं म्हणजे पोराचं खेळणं. "ह्यात मोराचा तुराबी बसायचा नाही बघ." मी म्हटलं, मला मोर नकोच आहे. तेव्हापासून आमचं भांडण सुरू आहे.

अप्पांचं म्हणणं फार स्वच्छ आहे. गिऱ्हाईक चादर उलगडतं, मोर दिसतो, पैसे काढतं. जे दिसत नाही त्याचे पैसे कोण देतं? आणि सोलापुरी चादरीचा खरा हुन्नर तर त्यापुढचा. उलटीकडून बघितलं तरी तोच मोर, फक्त रंगांची अदलाबदल. दोन्ही बाजूंनी वापरायची चादर. "तुझ्या स्वेटराला मागून बघवंल का?" हा त्यांचा हुकमी सवाल.

*

मामाच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे आणि पावसाळ्यात तिच्यावर सुगरणीची वीस-पंचवीस घरटी लोंबतात. नाव सुगरण, पण विणतो नर. पिवळ्या डोक्याचा. पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, ती कड चोचीत धरतो आणि उडतो. पातं सरळ रेषेत चिरत जातं, हातात कात्री असल्यासारखं. घरटं अर्धं झालं, म्हणजे खालून उघड्या टोपीसारखं दिसायला लागलं की माद्या येऊन बघून जातात. पसंत पडलं नाही तर तो ते तसंच सोडून दुसरं घेतो. बाभळीवर अशी टाकलेली अर्धवट घरटी मोजली तर पुऱ्या झालेल्यांपेक्षा कमी नव्हती. मला फार धीर आला.

दिवाळीच्या सुट्टीत खाली पडलेलं एक घरटं घरी आणलं आणि उलगडायला बसले. तासाभरात सोडून दिलं. आपल्याकडे स्वेटरचं एक टोक सापडलं की सगळा स्वेटर भराभर उसवतो, कारण मुळात दोरा एकच. घरट्यात एक दोराच नाही. शेकडो वीतभर तुकडे, एकात एक खुपसलेले, फांदीशी तेवढ्या खऱ्या गाठी. कुठलाही तुकडा ओढा, बाकीच्यांना पत्ता नाही. आतल्या बाजूला वाळक्या मातीचे लपके होते. ते पाखरू का लावतं यावर जाणकारांची एकवाक्यता नाही. वाऱ्यात घरटं फार झुलू नये म्हणून वजन, असं मामा म्हणतो. मला ते पटतं.

तुकड्यांवरून अक्कलकोट रोडच्या कारखान्यांची आठवण झाली. तिथे सूत गुंडाळलेल्या कोनांच्या बुडाशी उरलेलं सूत पोत्यानं पडलेलं असतं. दोन पदरी, वीस नंबरचं, लालभडक, पोपटी, जांभळं. वीस नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या वीस लडी. दोन पदर घातले की जाडी दहा नंबराइतकी होते. पोतं किलोवर मिळालं, आणि त्यातून घरट्यासारखा कोट विणायला घेतला. तुकडे दोन हातांपासून वीस हातांपर्यंत, कसलेही. ते जोडायला मागावरची गाठ लागते. ती अप्पांच्या बोटांतून दोन सेकंदांत पडते आणि कापडातून जाताना कळतही नाही. मी मात्र मुद्दाम टोकं लांब ठेवली आणि सगळी बाहेर काढली. घरट्याला बाहेरून कुसं असतात तशी. बाह्या खांद्यापाशी फुगीर, मनगटाकडे बारीक होत गेलेल्या नळीसारख्या. अंगात घातला की माणूस घरट्यातून हात काढल्यासारखा दिसायचा. पायघोळ कोट. वजन नऊशे ग्रॅम. मी खूश.

पुण्यातल्या एका प्रदर्शनात तो हँगरवर लावला. पहिल्या दिवशी गुडघ्याच्या खाली चार बोटं होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोटरीवर आला. संध्याकाळी एक बाई म्हणाल्या, "अहो, हा जमिनीला लागतोय." खरंच लागत होता. फुगीर बाह्यांच्या लांबट पडवळी झाल्या होत्या.

सुताला लोकरीसारखी उसळी नसते. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा, ओढला तरी परत येतो. सूत ओढलं की ओढलेलंच राहतं. मागावर ते चालतं, कारण ताणा-बाणा एकमेकांना जखडून ठेवतात. सुयांवरच्या कापडात नुसते फासे. स्वतःच्याच वजनानं प्रत्येक फासा थोडा उंच आणि थोडा अरुंद होतो. असे चारशे फासे एकाखाली एक असले की कोट हातभर वाढतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

घरी आल्यावर अप्पांनी कोट दाराच्या चौकटीला टांगलेला बघितला आणि म्हणाले, "घरटं खालीच लोंबतंय की. त्याला काय झालं?" चेष्टेनंच म्हणाले. पण त्या रात्री मी नवीन तुकडा विणून, खाली दोन कुलपं बांधून दोन दिवस टांगून ठेवला आणि मग टेपनं मोजला. आता सुतातलं काहीही असंच करते. आधी टांगायचं, लोंबू द्यायचं, मग माप घ्यायचं आणि त्या मापावर टाके घालायचे. नवीन कोट जाणूनबुजून आखूड, रुंद आणि बेढब विणला. आठवड्यात तो स्वतःच्या वजनानं आपल्या आकारात आला. बाही तर आता अगदी घरट्याच्या नळीसारखी पडते. कुलपांबद्दल मात्र आई अजून बोलते. त्यातलं एक गोदरेजच्या कपाटाचं होतं.

*

आता भेग.

मंगळवेढ्याकडची जमीन म्हणजे खोल काळी. ज्वारीचं कोठार. रब्बीची ज्वारी तिथे जवळजवळ पावसाविना येते, परतीच्या पावसाची जेवढी ओल मातीत साठली असेल तेवढ्यावर. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातली चिकणमातीच तशी. आकसताना ती फाटते. फेब्रुवारीत मी मामाच्या रानातल्या एका भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. वर ऊन रणरणत होतं आणि आत माझी बोटं गार.

मी गुडघ्यांवर बसून वहीत भेगा उतरवून घेत होते. कुठं फुटते, कुठं वळते, तीन भेगा एकत्र येतात तिथं कोन कसा होतो. ढेकळाच्या कडा वाळून वर वळतात, पापडासारख्या. मामा बांधावरून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"काय काढालीस एवढं?"

"भेग."

"भेग?" तो खाली बसला. "अगं, आमची हयात भेगा बुजवण्यात गेली. तिसऱ्या आठवड्यात कोळपं, पाचव्यात कोळपं, आठव्यात दातेरी कोळपं. का? तर भेग पडली की ओल उडती अन् मुळ्या तुटत्यात. अन् तू तीच अंगावर घालणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. पण कोळप्यानं वरची माती भुसभुशीत करून भेगेच्या तोंडात लोटायची ही गोष्ट डोक्यात राहिली, आणि पुढे तीच उपयोगी पडली.

विणकामात भेग पाडणं सोपं वाटतं. मशीनवरची एक सुई बाजूला काढली की तिथला टाका सुटून शिडीसारखी फट पडते. पण शिडी सरळ पडते, आणि भेग कधी सरळ जात नाही. शिवाय कार्डावर भेग बसवली तर चोवीस सुयांनंतर तीच भेग पुन्हा, पुन्हा, पुन्हा. रान कसलं, ती तर बाथरूमची टाइल झाली. मग ठरवलं की कार्डानं फक्त माती करायची. काही सुयांवर टाका न विणता दोरा नुसता साठवत जायचा, दोन-तीन ओळींनी एकदम विणायचा. असं केलं की कापड जाड होतं, आखडतं आणि त्याला गोटे येतात. अप्पांना मोर सापडत नव्हता ते हेच कार्ड. भेग मात्र हातानं. रिकामी सुई प्रत्येक चार-पाच ओळींनी एक घर सरकवायची, म्हणजे शेजारचा टाका उचलून तिच्यावर ठेवायचा आणि त्याची जागा रिकामी करायची. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, वही बघून. फाटा फुटायचा असेल तिथं दोन सुया रिकाम्या करायच्या आणि दोन वाटांनी न्यायच्या. जाकिटाच्या एका पाठीला पावणेचार तास. गाडा सरकवायचं काम त्यातलं पंधरा-वीस मिनिटांचं.

सुतात हे फसलं. भेग पडली, पण कापडाच्या कडा लोळागोळा होऊन तिच्यात झोपल्या. लोकर हवी होती, आणि तीही मऊ नको.

सांगोल्याकडच्या एका वाडीवर घोंगडीसाठी सूत काढणाऱ्या एक मावशी आहेत. दख्खनी मेंढीची लोकर, काळी, जाड, केसाळ. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू वीसेक मायक्रॉन जाडीचा धरला तर ही तिशीच्या वर. गळ्याला लागली की खाजलीच पाहिजे. वर्षातून दोनदा कातरतात आणि कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून निघत नाही, असं मावशी म्हणतात. मी पहिल्यांदा दोन किलो मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, "घोंगडी विणणार?" म्हटलं, स्वेटर. त्यांनी शेजारणीला हाक मारली, "अगं ए, हिकडं ये, ही बघ काय म्हणती."

ते सूत एकपदरी आणि कडक पिळाचं. सुयांवर घेतलं आणि दुसराच चमत्कार. कापड तिरकं जायला लागलं. सरळ टाके, सरळ ओळी, तरी चौकोनाचा पतंग होतोय. पीळ सुटायला बघतो आणि प्रत्येक फाशाला एका अंगावर कलवतो. कारखान्यातल्या स्वस्त बनियनची शिवण चार धुण्यांत पोटावर येते ती यानंच. माझ्या डोळ्यांसमोर मात्र मामाच्या रानातली वाऱ्यानं लोळलेली ज्वारी आली. सगळी ताटं एका अंगाला कललेली, आणि बांधापलीकडे दुसऱ्या अंगाला.

दुसऱ्या अंगाला कलवायचं तर उलट्या पिळाचं सूत हवं. मावशींना म्हटलं, चरखा उलटा फिरवाल का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तुळशीला उलटी प्रदक्षिणा घालायला सांगितली असावी. "हात ऐकणार नाय." दोनदा धागा तुटला, तिसऱ्यांदा त्यांनी मला एक शेलकी शिवी दिली, आणि चौथ्यांदा सूत निघालं. पावशेरभर देऊन म्हणाल्या, आता परत येऊ नको. मी परत गेले. आता त्या स्वतःच विचारतात, "सुलटं का उलटं?"

कडांचा प्रश्न मावशींच्याच अंगणात सुटला. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, दळून पाण्यात शिजवायचे, चिकट लापशी होते. कुंचल्यानं ती धाग्यांवर फिरवली की वाळल्यावर धागा तारेसारखा उभा राहतो. मी माझ्या काळ्या पाठीवरच्या भेगांच्या कडांना तेवढीच खळ लावली, बोटांनी वर वळवून उन्हात ठेवल्या. संध्याकाळी बघते तर ढेकूळ. कडा पापडासारख्या उभ्या, मध्ये अंधार. मी एकटीच अंगणात नाचले.

नाच फार टिकला नाही. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्यात झुरळं. खळ म्हणजे त्यांना पंगतच. नंतर जाकीट धुतलं तर खळ निघून गेली, कडा मऊ पडल्या, भेगा मिटल्या. आधी रडू आलं. मग ओलं जाकीट दोरीवर टाकताना लक्षात आलं की रानातही नेमकं हेच होतं. पाऊस पडला की भेग मिटते, वाळलं की उघडते. मी हे ठरवून केलेलं नव्हतं. पण आता विकताना सोबत चिंचोक्याच्या पिठाची पुडी देते आणि सांगते: हिवाळ्याच्या तोंडाला खळ लावा, भेगा उभ्या राहतील, पावसाळ्यात धुऊन ठेवा, मिटतील. जिथं बुजवायच्या असतील तिथं सुती धाग्यानं कोळप्यासारखे आडवे टाके घाला. अशी चार जाकिटं विकली गेली. पाचवं परत आलं. गिऱ्हाइकाचं म्हणणं, कपडा आहे की पापड? पैसे परत केले. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

*

पहिल्या कार्डाचं राहिलंच.

चहा घेऊन आले तेव्हा अप्पा कार्ड ठेवून मशीनपाशी उभे होते. त्या कार्डावरचा वीतभर तुकडा सुयांवरून उतरवून, सुलटी बाजू वर करून तिथंच ठेवलेला होता. मला माहीत असतं तर झाकून ठेवला असता, कारण समोरची बाजू मलाच आवडत नव्हती. सगळं दबलेलं, कळाहीन. अप्पांनी तुकडा हातात घेतला आणि चादरवाले जे आधी करतात तेच केलं. उलटा केला.

मागं सगळे गोटे उठून आलेले. साठवलेले दोरे एकमेकांवर चढून खोलगट घरं झालेली. मधाच्या पोळ्यासारखी म्हणा, किंवा दोन दिवस वाळलेल्या गाळासारखी. अप्पांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. मग अंगठ्यानं एका घराच्या कडेवर दाबून म्हणाले, "इथं एक भोक जास्त पाडलंस. बाराव्या ओळीत."

मोजलं. खरंच जास्त होतं.

"आन् ही बाजू पुढं घे," ते म्हणाले. "तू उलटंच बघत बसलीस."

बारावी ओळ टेपनं बुजवून त्यांनी स्वतः पुन्हा पाडून दिली. तेव्हापासून कार्डं तेच पाडतात, माझ्यापेक्षा तिप्पट वेगानं. परवा एका नव्या कार्डाच्या कोपऱ्यात, चोवीस भोकांच्या पट्टीत कसाबसा बसवलेला, मला तुऱ्यासारखं काहीतरी दिसलं. विचारलं तर म्हणाले, गवत आहे.